काट्यावरचा शिक्का

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सोयाबीन आणि तूर ही त्याची जुनी ओळख. अलीकडे रिसोड-मालेगाव भागात हळद वाढली, चियाही आला. बाजार समितीच्या ओट्यावर मिळेल तो भाव घेण्यापेक्षा माल पाकिटात बांधून थेट घराघरांत विकावा, असं इथल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना वाटू लागलं आहे. त्यासाठी वेबसाइट हवी. चार-पाच पानांची, मालाचे फोटो, संचालकांची नावं, मागणी नोंदवायचा एक फॉर्म. डोमेन घेतलं जातं, होस्टिंग घेतलं जातं आणि मग स्क्रीनवर प्रश्न येतो: एसएसएल सर्टिफिकेट कोणतं? एका रकान्यात शून्य रुपये, दुसऱ्यात काही हजार, तिसऱ्यात वीस हजारांच्या आसपास. ज्यांनी पै-पै करून भागभांडवल गोळा केलं, त्या संचालकांची बैठक तिथं अडते.

पुढचा संवाद मी रचला आहे. मामा बँकेतून निवृत्त झालेले, आता अशाच एका कंपनीचे संचालक. भाची वाशीमच्या पाटणी चौकात छोटं ऑफिस थाटून वेबसाइट बांधून देणारी. माणसं कल्पित असली तरी त्यांचे मुद्दे खरे आहेत, आणि मामांच्या शंका मला भाचीच्या उत्तरांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

मामा : आयुष्य बँकेत गेलं माझं. खाली सही कोणाची हे पाहिल्याबिगर कागद पुढं सरकवला नाही. आता तू म्हणून राहिली का सर्टिफिकेट फुकटचंच लावू. फुकट देणाऱ्याले उद्या धरायचं कुठं?

भाची : कशासाठी धरायचं ते आधी पाहू, मामा. अमरावतीची एखादी बाई मोबाइलवर आपलं पान उघडते, दोन किलो हळदीसाठी नाव, पत्ता, फोन नंबर भरते. ती माहिती टॉवर, मोबाइल कंपनी, मधली यंत्रं, कुणाचं तरी वायफाय अशा कितीतरी हातांतून आपल्या सर्व्हरपर्यंत येते. सर्टिफिकेट नसेल तर मधला कुणीही ती वाचू शकतो. बदलूही शकतो. २०१५ साली बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं, की एअरटेलच्या थ्रीजीवरून त्याचं स्वतःचं पान उघडलं तर त्यात त्यानं न लिहिलेला कोड येतो. ग्राहकाला त्याचा डेटा-वापर कळावा म्हणून तो आहे, असं कंपनीनं सांगितलं. तसंच कुणी आपल्या पानावरचा यूपीआयचा क्यूआर बदलला तर?

मामा : पैसे तिसऱ्याच्याच खात्यात.

भाची : म्हणून सर्टिफिकेट लागतंच, त्यावर आपला वाद नाही. ते लावलं की मधल्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही आणि ब्राउझरची खात्री पटते की समोरचा सर्व्हर याच डोमेनचा आहे. हे काम फुकटचं आणि वीस हजारांचं सर्टिफिकेट अगदी सारखं करतं. किल्ल्यांची जोडी आपल्या सर्व्हरवर तयार होते. सर्टिफिकेट देणारी संस्था फक्त 'ही किल्ली या डोमेनची' असं लिहून खाली सही करते. माहिती किती मजबूत गुंडाळायची हे ब्राउझर आणि सर्व्हर आपसात ठरवतात. सही करणाऱ्याची फी त्यात कुठंच येत नाही.

ही गोष्ट विक्रीच्या पानांवर ठळक छापायला हवी. तिथं 'एसएसएल' विकलं जातं, तेही खरं तर नावापुरतं. नेटस्केपनं १९९५मध्ये बाजारात आणलेल्या त्या पद्धतीची शेवटची आवृत्तीही २०१५मध्ये अधिकृतपणे बाद झाली. आज चालतं ते टीएलएस. लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलं आहे, म्हणून इथंही तेच वापरतो.

मामा : पण बाजार समितीत काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असते. तो पाहूनच शेतकरी माल टाकते. त्या शिक्क्याले फी आहे, आणि मागं सरकार उभं आहे. तुह्या फुकटच्या शिक्क्यामागं कोण आहे?

भाची : लेट्स एन्क्रिप्ट. अमेरिकेतली ना-नफा संस्था चालवते. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी ती उभी केली. पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर २०१५मध्ये दिलं, आज कोट्यवधी वेबसाइट त्यांच्यावर चालतात. खर्च देणग्या आणि प्रायोजकांवर.

मामा : म्हणजे उद्या देणग्या आटल्या का आपलं दुकान बंद.

भाची : नाही. सर्टिफिकेट मागायची आणि द्यायची त्यांची पद्धत २०१९पासून सगळ्यांसाठी खुलं मानक आहे. तीच पद्धत वापरून गूगलही फुकट सर्टिफिकेट देतं, आणखीही काही संस्था देतात. सर्व्हरवर दोन-चार ओळी बदलल्या की दुसऱ्याकडून घेता येतं.

मामा : बरं, अमेरिकेचं राहू दे. सरकारचं काहून नाही? माझ्यापाशी डोंगल आहे. कंपनीचे वार्षिक फॉर्म मी त्याच्यावरूनच भरतो. ग्रामपंचायतीत सरपंच अन् ग्रामसेवक बी त्याच्याचवर पैसे सोडतात. तेच वेबसाइटले लाव.

भाची : ती तुमची डिजिटल सही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली ती माणसाला मिळते, इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांवर सही करायला. वेबसाइटचं सर्टिफिकेट वेगळं. ते कुणाचं मानायचं याची यादी क्रोम, फायरफॉक्स, ॲपल आणि मायक्रोसॉफ्टकडे असते. आणि सरकारचं म्हणाल तर जुलै २०१४ची गोष्ट ऐका. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, सर्टिफिकेट विभागातून गूगल आणि याहूच्या डोमेनची बनावट सर्टिफिकेटं निघाली. गूगलला २ जुलैला कळलं, दुसऱ्याच दिवशी सर्टिफिकेट देणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या नियंत्रक कार्यालयानं एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली. त्यानंतर क्रोमनं भारत सरकारच्या मूळ सर्टिफिकेटाखालची सर्टिफिकेटं जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरतीच मान्य ठेवली.

मामा : हे मले माहीत नव्हतं. लाज वाटावी असंच आहे.

भाची : एकट्या आपल्यालाच नाही. नेदरलँड्सची डिजिनोटार ही कंपनी पैसे घेऊनच सर्टिफिकेट द्यायची, तिथलं सरकारही तिचीच वापरायचं. २०११मध्ये कुणीतरी तिच्या यंत्रणेत शिरून पाचशेवर खोटी सर्टिफिकेटं काढली आणि इराणमधल्या लोकांचं जीमेल चोरून वाचलं गेलं. महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत. सिमँटेकसारख्या मोठ्या नावावरचाही विश्वास क्रोमनं २०१८मध्ये काढून घेतला. फी किंवा सरकारी शिक्का असला की चूक होत नाही, असं नाही. म्हणून आता दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढवावं लागतं. एप्रिल २०१८नंतरचं सर्टिफिकेट त्या नोंदीशिवाय क्रोम मानतच नाही. आपल्या डोमेनच्या नावावर दुसऱ्या कुणी सर्टिफिकेट घेतलं का, हे तुम्ही घरबसल्या पाहू शकता. शिवाय डोमेनच्या नोंदीत एक ओळ टाकता येते, की आमच्या नावावर फक्त अमक्याच संस्थेनं सर्टिफिकेट द्यावं. बाकीच्यांना ती ओळ तपासणं सप्टेंबर २०१७पासून बंधनकारक आहे.

मामांना इथं थोडा दिलासा मिळाला असावा. बँकेच्या माणसाला नोंदवही कळते. पण त्यांचा खरा प्रश्न पुढे होता, आणि या सगळ्या चर्चेत तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

भाची : तुमच्या काट्याकडे परत येते. वजनमापवाल्यांचा शिक्का काय सांगतो? काटा बरोबर आहे. अडत्या चुकारा वेळेवर देईल, असं सांगतो का?

मामा : नाही. ते वेगळं. त्यासाठी समितीचं लायसन आहे, बँक गॅरंटी आहे.

भाची : फुकटचं सर्टिफिकेट काट्यावरचा शिक्का आहे. डोमेन ज्याच्या ताब्यात त्यालाच ते मिळतं. त्यापुढं तो माणूस कोण, त्याची नियत कशी, हे ते सांगत नाही.

मामा : मग मी तेच तर म्हणून राहिलो! तो मधला रकाना, संस्थेची कागदपत्रं तपासून देतात तो. आपली कंपनी नोंदणीकृत आहे. ते लोक नोंदणी पाहतील, फोन लावतील, मग सर्टिफिकेटात कंपनीचं नाव घालतील. पुण्याच्या गिऱ्हाइकाले कळलं पाहिजे का पलीकडं सातशे शेतकऱ्यांची खरी कंपनी आहे, कोण्या भामट्याचं पान नाही. त्याले पैसे लागले तर लागू दे.

भाची : गिऱ्हाइकाला ते दिसतं कुठं? पूर्वी महागड्या सर्टिफिकेटाचं नाव पत्त्याच्या पट्टीत हिरव्या अक्षरात यायचं. क्रोमनं सप्टेंबर २०१९मध्ये ते काढलं, फायरफॉक्सनं पुढच्याच महिन्यात. लोक त्याच्याकडे पाहून वागणं बदलत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्याआधी २०१७मध्ये एका संशोधकानं अमेरिकेच्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप' नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तिच्या नावाचं सर्वांत कडक तपासणीचं सर्टिफिकेट मिळवलं. खरी स्ट्राइप, पैशांचे व्यवहार करणारी, दुसऱ्याच राज्यात नोंदलेली. पट्टीत दोघांचं नाव सारखंच.

मामा : ते तिकडं चालत असेल. आपल्याकडं एका नावाच्या दोन कंपन्या नोंदूच देत नाहीत, साऱ्या देशात.

भाची : बरोबर. पण ब्राउझरला केंटकीचं सर्टिफिकेटही तितकंच चालतं.

मामा : चालू दे. मले सांग, आम्ही बँकेत वर्षानुवर्षं लोकायले काय शिकवलं? पैसे भरायच्या आधी पट्टीत कुलूप पाहा. कुलूप असेल तरच नंबर टाका. मी स्वतः काउंटरवर म्हाताऱ्या माणसायले समजावून सांगितलं. अन् तू म्हणतेस कुलूप भामट्याच्या पानावरही असते?

भाची : असतं. फसव्या पानांनाही सर्टिफिकेट मिळतं, कारण डोमेन त्यांच्याच ताब्यात असतं. लोक त्या कुलपाचा अर्थ चुकीचा लावतात, म्हणून क्रोमनं सप्टेंबर २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

मामा : चिन्ह काढलं, पण मी शिकवलेलं लोकायच्या डोक्यातून कोण काढणार? त्यायले आता काय पाहायले सांगू?

या प्रश्नाला वेब चालवणाऱ्यांकडे सोपं उत्तर नाही, हे मान्य करायला हवं. सर्टिफिकेट फुकट झालं, त्यामुळे खेड्यातल्या शाळेचं पानही सुरक्षित झालं. हे मोठं काम आहे. पण 'कुलूप म्हणजे भरवसा' ही समजूत आधी पसरवून नंतर मागे घेतली गेली. मागे घेतल्याची बातमी मालेगाव-मानोऱ्याच्या बँक शाखांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कुणी उचलली नाही.

भाची : नाव पाहायला सांगा. पट्टीतलं डोमेन, एकेक अक्षर. रिझर्व्ह बँकेनंही हाच रस्ता धरला. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी जाहीर केलं, की बँकांसाठी वेगळं डोमेन असेल, बँक डॉट इन. ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडं जायचं होतं. ते नाव फक्त बँकेलाच मिळतं. महाग सर्टिफिकेट घ्या, असं त्यांनी सांगितलं नाही. ओळख नावात आणली. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटचंही तसंच. शेवटी जीओव्ही डॉट इन असलं की कळतं, ते कुणालाही विकत मिळत नाही.

मामा : शेतकऱ्यायच्या कंपन्यांले आहे का असं नाव?

भाची : नाही. म्हणून ओळख पानावर द्यावी लागेल. कंपनीचा नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना, गोदामाचा पत्ता, उचलला जाणारा फोन. पहिले तिन्ही सरकारी पोर्टलवर कुणालाही पडताळता येतात. भामटा तेही चोरून छापू शकतो, पण पोर्टलवर निघालेला पत्ता त्याला बदलता येत नाही.

मामा : हे मान्य. तरी एखादा मोठा खरेदीदार, एखादं टेंडर मागेल का कंपनीच्या नावाचंच सर्टिफिकेट पाहिजे, तेव्हा?

भाची : तेव्हा घ्यायचं. समोरच्याची अट असेल तर वाद नाही. ज्यांच्याकडे कुणीच तांत्रिक माणूस नाही त्यांना विकतच्या सर्टिफिकेटाबरोबर फोनवर मदत मिळते, तिचीही किंमत मी नाकारत नाही.

मामा : अन् ती लाखो डॉलरची हमी लिहिलेली असते ती?

भाची : ती आपल्यासाठी नसते. संस्थेनं चुकून भलत्याला सर्टिफिकेट दिलं आणि त्यामुळे एखादा ग्राहक फसला, तर त्याच्यासाठी, आणि अटी पुष्कळ. आपला सर्व्हर कुणी फोडला तर त्यातला रुपया मिळत नाही. कार्डाचे नंबर तर आपण ठेवूच शकत नाही. १ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदारांना ते साठवायला मनाई केली आहे. पैसे पेमेंट गेटवेच्या पानावर नाहीतर यूपीआयवर जातील.

मामा : मग आता शेवटचा हिशेब. फुकटचं नव्वद दिवसांत संपते. विकतचं वर्षभर चालते. हंगामात, दिवाळीच्या तोंडावर ते संपलं अन् पान उघडताच 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं लाल अक्षरात आलं, तर गिऱ्हाईक परत येत नाही. वर्षाची निश्चिंती विकत घेतो मी, त्यात काय चुकलं?

भाची : वर्षाची निश्चिंती आता विकायलाच नाही, मामा. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंचानं एप्रिल २०२५मध्ये नियम केला. १५ मार्च २०२६पासून कुठलंही नवं सर्टिफिकेट दोनशे दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. १५ मार्च २०२७पासून शंभर दिवस. १५ मार्च २०२९पासून सत्तेचाळीस. फुकट असो की वीस हजारांचं. वर्षाचे पैसे घेतील, पण मध्ये पुन्हा पुन्हा नवं काढून बसवावं लागेल. लेट्स एन्क्रिप्टही २०२८पर्यंत पंचेचाळीस दिवसांवर येतंय.

मामा : सत्तेचाळीस दिवस! कोण बसवत बसेल दर दीड महिन्याले?

भाची : माणसानं बसवायचंच नाही, हाच त्या नियमाचा रोख आहे. चोरीला गेलेली किल्ली फार दिवस चालू नये, आणि नूतनीकरण यंत्रानंच करावं. डिसेंबर २०१८मध्ये एरिक्सनच्या एका सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट संपलं, आणि ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या तीन कोटींहून जास्त ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडलं. एवढ्या मोठ्या कंपनीतही कुणाच्या तरी डायरीतली तारीख हुकली. होस्टिंग घेतानाच विचारायचं: सर्टिफिकेट आपोआप नवं होतं का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? काही ठिकाणी फुकटचा पर्याय मुद्दाम खोल दडवलेला असतो. तिथं होस्टिंगच घेऊ नये.

मामा : अन् ते आपोआप होणारं बंद पडलं तर?

भाची : पडतं कधीकधी. डोमेनची नोंद बदलली, सर्व्हर हलवला की पडतं. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपत आल्याची मेल पाठवायचं, जून २०२५पासून तेही बंद केलं. म्हणून तारखेवर लक्ष ठेवणारी वेगळी सेवा लावते, तीही फुकट मिळते. तिची सूचना दोघांच्या मोबाइलवर जाईल, एक मी, एक कंपनीतलं कुणीतरी.

मामा : कंपनीतला मीच. पण एक गोष्ट मनातून जात नाही. कोणाचं सर्टिफिकेट मानायचं हे चार अमेरिकन ब्राउझर ठरवतात. किती दिवस चालेल हे त्यायच्याच मंचावर ठरते. आपल्या वाशीमच्या हळदीचं पान उघडेल का नाही, हे तिकडं ठरावं?

भाची : यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सरकारनं २०२३मध्ये देशी ब्राउझरची स्पर्धा घेतली, भारतीय सर्टिफिकेट व्यवस्थेवर विश्वास ठेवणारा ब्राउझर पाहिजे म्हणून. मार्च २०२५मध्ये झोहोच्या संघाला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. पण आपल्या ग्राहकांच्या मोबाइलवर आज जे आहे त्यावर पान उघडायला हवं.

मामा : ते खरं. तरी हे मी बैठकीत बोलणारच.

भाची : बोला. त्याआधी एक विचारते. कंपनीचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?

मामा : ज्या पोट्ट्यानं दोन वर्षांखाली पहिलं पान बनवलं होतं, त्यानंच घेतलं. तो आता पुण्याले नोकरीले आहे.

भाची : म्हणजे त्याच्या मेलवर, त्याच्या नावावर. सर्टिफिकेट डोमेनच्या ताब्यावर मिळतं, आणि तो ताबा आपल्याकडे नाही. डोमेनची मुदत संपली आणि त्याचं लक्ष नसलं तर ते नाव कुणीही विकत घेईल, लगेच फुकटचं सर्टिफिकेटही काढेल, आणि आपलीच हळद आपल्याच नावानं विकल्यासारखं दाखवेल. कुठलाच रकाना त्याला अडवणार नाही.

मामा : मंग पहिला ठराव तोच. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या मेलवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून. सर्टिफिकेटाचे वाचलेले पैसे तिथं टाकू. पासवर्ड अध्यक्षाच्या अन् सचिवाच्या सहीनं बंद पाकिटात, कंपनीच्या तिजोरीत.

भाची : आणि दोघांच्या मोबाइलवर दुहेरी पडताळणी. तुमच्याकडे त्या मुलाचा नंबर आहे ना? आजच लावा. डोमेन हलवायचा कोड त्याच्या खात्यातूनच निघेल.